घरची वही, कारखान्याची वही

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी पुणे उशिरा उठते तेव्हा येथील लेथ सुरू होऊन दोन तास झालेले असतात. गुरुवारी मात्र एस ब्लॉकच्या रस्त्यावर चहाच्या टपऱ्यादेखील अर्ध्याच उघड्या असतात. अशाच एका गुरुवारी, आमच्या मामेभावाच्या शेडमध्ये, बंद यंत्रांच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून आम्ही तिघा कामगारांना संगणकावर टिपणे ठेवण्यास शिकवू लागलो. चहा, वडापाव यांची व्यवस्था चोख होती. चाळीस मिनिटांत आमचा वर्ग संपला. कोणी वाद घातला नाही, कोणी नको म्हटले नाही. तिघेही सौजन्याने मान डोलावून निघून गेले आणि पुढचे तीन आठवडे त्यांपैकी एकानेही एक अक्षर लिहिले नाही.

हे असे का झाले, याचा शोध म्हणजे प्रस्तुतचे लेखन. आम्ही मुक्तस्रोत आज्ञावल्यांचे जुने भक्त. नवख्यांना त्या अवघड का वाटतात, यावर आमच्याकडे तयार उत्तरे पुष्कळ होती. त्यांतली निम्मी बरोबर निघाली. पण जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती ती त्यांत नव्हतीच.

प्रथम मामांविषयी सांगावयास हवे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स उभी राहिली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शेतांवर कारखाने आले. १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. मामा या लाटेतले. एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षे काढून ते निवृत्त झाले आणि मुलाने भोसरीत शेड टाकली तेव्हा रोज सकाळी तेथे जाऊन बसू लागले. यंत्राला हात लावीत नसत. आवाज ऐकत, आणि खिशातल्या डायरीत काहीतरी लिहीत.

मामा गेल्यानंतर काही वर्षांनी त्या शेडला एक जुने काम परत मिळाले. पातळ भिंतीची एक बुश, दोनशे नगांचा लॉट. पूर्वी हे काम मामांच्या देखरेखीखाली झाले होते. आता त्या वेळचा सेटरही नव्हता आणि हेल्परही. ड्रॉइंग होते, प्रोग्रॅम होता, मटेरियल तेच होते. दोनशे नग झाले, प्रत्येकाचा बोअर गेजने मोजला, सर्व टॉलरन्समध्ये. ग्राहकाकडे गेल्यावर त्यांचा प्लग गेज एकाही बुशमध्ये धड जाईना. सगळा लॉट परत आला.

कारण असे. तीन जॉच्या चकमध्ये पातळ बुश घट्ट आवळली, की ती तीन ठिकाणी किंचित आत दबते. त्या स्थितीत बोअर छान गोल कापला जातो. जॉ सोडले की भिंत आपल्या जागी परतते आणि बोअर तीन पाकळ्यांचा होतो. दोन टोकांनी मोजणाऱ्या गेजला हे कळत नाही, कारण अशा आकारात एका बाजूच्या फुगवट्यासमोर दुसऱ्या बाजूचा खोलगटपणा येतो आणि व्यास सगळीकडे जवळपास सारखाच भरतो. जाणत्याला हे ठाऊक असते. नवख्याला परत आलेला लॉट शिकवतो.

चार दिवसांनी मामेभावाने घरून वडिलांच्या डायऱ्या आणल्या. एकीत, कोणत्याशा जुलै महिन्याच्या पानावर, मामांच्या तिरप्या अक्षरात पाच ओळी होत्या: बुश. आवळली की खोटे बोलते. शेवटच्या कटला दाब निम्मा. जॉ मापाला कोरून घेणे. दोन टोकी गेजवर विश्वास नको, प्लग लावणे.

दोनशे नगांचे उत्तर त्या पाच ओळींत होते. ती डायरी कपाटात होती आणि ते पान कोणत्या साली शोधावे हे कोणालाही ठाऊक नव्हते. मामेभावाने आम्हांला फोन केला. "तू ते संगणकाचं काय काय करतोस ना, यावर काही करता येईल का बघ," एवढेच तो म्हणाला.

आम्हांस हर्ष झाला, हे कबूल केले पाहिजे. अशा विचारणेची आम्ही वर्षानुवर्षे वाट पाहत होतो. टिपणांच्या मुक्तस्रोत आज्ञावल्यांचे जग मोठे मनोहर आहे. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःच्या कामासाठी ईमॅक्समध्ये ऑर्ग-मोड रचावयास घेतला. २००४ साली जेरेमी रस्टन यांनी एकाच धारिकेत मावणारी टिडलीविकी आणली. झिम आहे, आणि स्कॉट जॉपलिन या रॅगटाइम वादकाचे नाव लावणारी जॉपलिन आहे. यांचा मुख्य गुण हा, की टिपण तुमचेच राहते. गूगलने २००६ साली काढलेली नोटबुक सेवा २०१२ साली पूर्णपणे बंद केली. एव्हरनोटने २०२३च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांना पन्नास टिपणांची मर्यादा घातली. दुसऱ्याच्या घरात ठेवलेली वही कधी ना कधी अशी अडते. मुक्तस्रोत आज्ञावलीचा कर्ता उद्या थकला तरी तुमचा मजकूर तुमच्या यंत्रावर वाचता येतो, आणि आज्ञावली पुढे नेण्याचा अधिकार कोणासही असतो.

हे सर्व आम्ही त्या गुरुवारी सांगितले. म्हणजे आमचा पहिला दोष येथेच झाला. स्वातंत्र्याची महती ज्याला पटलेली आहे तोच ती सांगत बसतो. ऐकणाऱ्याला अजून वहीच मिळालेली नसते.

दुसरा दोष असा, की जॉपलिन उघडल्याबरोबर समोर जी स्वागताची टिपणे येतात ती आम्ही तशीच ठेवली. ती इंग्रजीत होती आणि तीत मार्कडाउन, समकालन, कूटबद्धता यांची माहिती होती. आम्ही तिचा अनुवाद करून सांगू लागलो. हॅशचे चिन्ह दिले की मथळा होतो, तारे दिले की ठळक अक्षर होते. नांदेडकडून आलेला, आयटीआय झालेला एक तरुण सेटर होता. त्याने विचारले, "सर, मथळा कशाला लागतो?" प्रश्न निरागस होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर आम्ही कूटबद्धतेचा परवलीचा शब्द ठरवायला लावला आणि तो विसरल्यास टिपणे परत मिळणार नाहीत, असे गंभीरपणे बजावले. एकही टिपण लिहिले नसताना टिपणे गमावण्याची भीती आम्ही तिघांना घालून दिली.

नंतर आम्ही एक साधी गोष्ट केली, जी आधी करावयास हवी होती. ते लोक आज टिपणे कशी ठेवतात, हे शेडमध्ये दोन दिवस बसून पाहिले. आमची समजूत होती की ते ठेवीतच नाहीत. प्रत्यक्षात त्या सेटरच्या फोनमध्ये स्वतःलाच पाठविलेले व्हॉट्सॅपचे शेकडो संदेश होते. ऑफसेटच्या पडद्याचे फोटो, झिजलेल्या इन्सर्टचे फोटो, खडूने जमिनीवर लिहिलेल्या आकड्यांचे फोटो, चालू यंत्राच्या घरघरीत नोंदविलेले आवाजी निरोप. म्हणजे वही होती, आणि चांगली भरलेली होती. फक्त तीत सहा महिन्यांपूर्वीचे काही सापडत नसे, आणि आधीचा फोन पाण्यात पडला तेव्हा वर्षभराची वही बुडाली होती. नवखा हा कोरी पाटी असतो, असे समजून आज्ञावल्या त्याचे स्वागत करतात. तो आपली एक रीत घेऊन आलेला असतो, आणि त्या रीतीतले काय बुडते ते त्याला आपल्याहून नीट ठाऊक असते.

मग आम्ही मांडणी बदलली. स्वागताची टिपणे काढून टाकली आणि त्या जागी मामांच्या डायरीतली तीन टिपणे घातली, पहिले बुशचे. कोऱ्या पानापेक्षा भरलेले पान पाहून माणूस लवकर लिहू लागतो. टिपणाचा साचा ठरवला: ड्रॉइंगचा क्रमांक, मटेरियल, काय फसले, काय केले, फोटो. पाच ओळी, त्याहून अधिक काही नाही.

साच्याची ही कल्पना आम्हांस पुण्यातच मिळाली होती. डेक्कन कॉलेजात १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू केले. त्यासाठी शेकडो ग्रंथांतून शब्द वेचून केलेल्या चिठ्ठ्या कपाटांत लावलेल्या आहेत. त्यांची संख्या एक कोटीच्या आसपास सांगतात. पहिला खंड १९७६ साली निघाला. पिढ्या बदलल्या तरी चिठ्ठीवर शब्द कोठे, संदर्भ कोठे, हे ठरलेले असल्यामुळे एकाने लिहिलेले दुसऱ्यास सापडते. मामांच्या डायरीत ज्ञान होते, पण ते तारखेखाली होते. शोधणाऱ्याला तारीख ठाऊक नसते. त्याच्या हातात ड्रॉइंग असते.

शब्दांचा प्रश्न त्यानंतर आला. राज्यव्यवहारकोशाच्या परंपरेतील आम्ही. समकालन, खूणचिठ्ठी, धारिका असे शब्द आम्ही हौसेने घातले होते. शेडमध्ये 'समकालन' ऐकून हेल्परने ते 'संकलन' आहे असे समजून घेतले, आणि 'खूणचिठ्ठी' या शब्दावर तिघेही हसले. सिंक, टॅग, फाइल हे शब्द त्यांच्या तोंडी आधीपासून होते. पण आम्ही 'नोटबुक' ऐवजी 'वही' लिहिले तेव्हा कोणी हसले नाही, आणि 'ट्रॅश' ऐवजी 'भंगार' लिहिले ते तर फार आवडले. शेडमध्ये भंगाराचा डबा दारापाशीच असतो आणि त्यातून चुकून टाकलेला नग परत काढता येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तात्पर्य, शब्द संस्कृतातून आला की इंग्रजीतून, यावरून तो परका ठरत नाही. तो कामाच्या जागी राहतो की नाही, यावरून ठरतो. मराठीकरण करणाऱ्यांनी कधीतरी लेथशेजारी उभे राहून पाहावे, असे आम्ही स्वतःला उद्देशून म्हणतो.

एक अडचण मात्र शब्दाची नव्हती, अक्षराची होती. 'दुसऱ्या सेटिंगला' असे शोधले तर निम्मी टिपणे सापडत आणि निम्मी नाहीत. पुष्कळ डोके खाजविल्यावर कळले, की फोनवरचा कळफलक 'ऱ्या' एका प्रकारे लिहितो आणि शेडमधल्या संगणकावरचा दुसऱ्या प्रकारे. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. हीच गत देवनागरी आणि रोमन आकड्यांची. नवख्याला शोधून काही सापडले नाही, की तो समजतो की आपण लिहिलेलेच हरवले, आणि परत लिहीत नाही. क्रमांक रोमन आकड्यांतच लिहावयाचा आणि शोध क्रमांकानेच घ्यावयाचा, असा तोडगा आम्ही काढला. हा तोडगाच आहे. खरे उत्तर आज्ञावलीत घालावयास हवे, आणि मुक्तस्रोत असल्याने ते घालता येते, एवढे समाधान.

एवढे सगळे झाल्यावर लिहिणे सुरू झाले. दोघांचे. तो नांदेडचा सेटर, ज्याच्या फोनात सर्वांत अधिक होते, त्याने मात्र दोनच टिपणे लिहिली, तीही कोणालाही ठाऊक असलेली. आम्ही त्याला पुनःपुन्हा विचारले: अक्षरे लहान दिसतात का, फोन मंद चालतो का, साचा नको का? त्याने प्रत्येक वेळी "नाही सर, मस्त आहे," असेच उत्तर दिले. शेवटी एकदा पाळी संपल्यावर, हात धूत असताना, तो खाली पाहूनच म्हणाला, "सर, हे सगळं इथं लिहिलं, की उद्या कुणीही मशीन लावेल ना? मग मला कशाला ठेवतील?"

आमच्याजवळ याचे उत्तर नव्हते. तो ठेकेदाराकडून आलेला कामगार होता. ऑर्डर कमी झाल्या की प्रथम कोणाला सांगितले जाते, हे या पट्ट्यात सर्वांना माहीत आहे. त्याच्याजवळ शेत नव्हते, कायमची नोकरी नव्हती; जे होते ते त्या संदेशांत होते. आणि आम्ही स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगत त्याच्यापुढे एक सुंदर, फुकट पेटी धरून त्यात ते टाक म्हणत होतो. पेटी शेठच्या संगणकावर होती.

त्याच आठवड्यात उरलेल्या डायऱ्या आणण्यासाठी आम्ही मामींकडे गेलो. कारखान्याच्या काळातल्याही सगळ्या डायऱ्या त्यांनी जपल्या होत्या. आम्ही सहज म्हटले, की कारखान्यात त्यांचे केवढे नाव असेल, एवढे लिहून ठेवीत तर. मामी म्हणाल्या, "अरे, कारखान्यातली वही वेगळी. ती तिथंच राहायची. ही घरची. तिकडे ते सगळं नाही लिहायचे. सगळं लिहून दिलं तर उद्या मला विचारणार कोण, म्हणायचे."

आम्ही बराच वेळ डायरी हातात धरून बसलो. मामांची ती कायमची, युनियन असलेली नोकरी होती, तरी त्यांनी दोन वह्या ठेवल्या. ज्या पाच ओळींनी मुलाला पुढे दोनशे नगांचे उत्तर मिळाले, त्या घरच्या वहीतल्या होत्या. कारखान्यातल्या वहीत काय होते कोणास ठाऊक. बहुधा 'बोअर ठीक' एवढेच.

मामेभावाशी बोलणे सोपे नव्हते. तो वाईट मालक नाही, पण तो मालक आहे. "पगार देतो तर कामातलं शिकलेलं शेडचंच ना?" असे त्याने विचारले. आम्ही त्याला वडिलांच्या दोन वह्यांची हकीकत सांगितली. तो काही वेळ बोलला नाही. मग त्याने स्वतःची अडचण सांगितली, आणि ती खरी होती: ग्राहकाचे ड्रॉइंग ही ग्राहकाची मालमत्ता, आणि आज तिचे फोटो सर्वांच्या फोनमध्ये फिरत आहेत. त्यातून मार्ग निघाला. ड्रॉइंगचा फोटो कोणाच्याही टिपणात घालावयाचा नाही, फक्त क्रमांक. टिपणाखाली लिहिणाऱ्याचे नाव राहील. आणि ज्याने जे लिहिले त्याची एक प्रत त्याच्या स्वतःच्या फोनवर, त्याच्या स्वतःच्या वहीत राहील. जाताना तो ती घेऊन जाईल. टिपणे साध्या मजकुरात किंवा पीडीएफमध्ये बाहेर काढण्याची सोय आज्ञावलीत होतीच. आम्ही पहिल्या दिवशी जिचे तत्त्वज्ञान सांगितले ती गोष्ट हीच होती. फक्त त्या दिवशी आम्ही ती कंपन्यांच्या विरुद्ध सांगितली होती. येथे ती शेठ आणि सेटर यांच्यामध्ये उभी राहिली तेव्हा तिला अर्थ आला.

नोकरीची हमी यातून मिळत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. कोणतीही आज्ञावली ती देत नाही. आम्ही त्या मुलाला तसे स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "मला माहीत आहे सर. पण माझं माझ्याकडे राहतंय ना, बास." त्या महिन्यात त्याने अकरा टिपणे लिहिली. त्यांतले एक कूलंटचे प्रमाण पावसाळ्यात कसे बिघडते यावर आहे, आणि ते मामांनाही सुचले नसते असे मामेभाऊ म्हणतो.

दिवाळीनंतर त्याला चाकणला एका मोठ्या कारखान्यात काम मिळाले. पगार अधिक, पण आत फोन नेता येत नाही. जाण्याआधी तो आमच्याकडे आला आणि आपली वही छापून मागू लागला. एक्केचाळीस टिपणे, तेवीस पाने. भोसरीच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आम्ही ती स्पायरल बांधून घेतली. एवढा खटाटोप करून शेवटी कागदाचीच वही हातात आली, म्हणून आम्हांला हसू आले. त्याला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. त्याने पहिल्या पानावर पेनाने आपले नाव लिहिले आणि वही बॅगेत घातली.

बुशचे काम यंदा पुन्हा आले. नवा मुलगा बीड जिल्ह्यातला आहे. त्याने क्रमांक टाकून टिपण काढले, दाब कमी केला, प्लग गेज लावला. मामांच्या पाच ओळींखाली आता चौघांच्या ओळी आहेत. शेवटची त्याची आहे, आणि तीत त्याने मथळा दिलेला नाही.